लाओलाओंचा डबा

– चार वाजून दहा मिनिटं. दुपारचे. शुक्रवार, बारा सप्टेंबर. तुमच्या मेलमध्ये 'संध्याकाळी' असं होतं, ह्यांनी वाचून दाखवला होता मला – संध्याकाळ नव्हती उत्तराताई, चार दहा. मायक्रोवेव्हवरचं घड्याळ समोरच होतं आणि हात पिठात, म्हणून फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला होता मी. बसा ना. ती खुर्ची नको, तिच्यावर वेदांतनं केळं चिवडलंय, इकडे स्टुलावर बसा. झोपलाय तो आत. पोळ्या होतायत, शेवटच्या सात-आठ राहिल्यात, मंडळाचा दसरा एकला आहे ना? मग. आत्ता दहाला वीस कमी. तुम्हाला वेळ आहे. मला नाही, पण तुम्हाला आहे. खिडकी राहू द्या उघडी, नाहीतर तो वरचा धुराचा भोंगा बोंबलतो – त्याला आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी घालून ठेवलीय तरी बोंबलतो.

तर चार दहा. ह्यांचा फोन, ऑफिसातून. हे त्या वेळेला कधी फोन करत नाहीत. 'वेदांत कुठंय?' मी म्हटलं, खाली, लाओलाओंकडे, रोजच्यासारखा. 'त्याला ती काय खायला घालते?' – आता काय घालते म्हणजे? म्हणाले, आत्ता इंटरनेटवर वाचलं, चीनमधल्या दूध पावडरीत काहीतरी केमिकल सापडलंय, तिकडच्या पोरांच्या किडनीत खडे होतायत, इथल्या सरकारनंही सांगितलंय चिनी दुकानातली पावडर पोरांना देऊ नका. 'तू आधी खाली जा.' लाटणं कुठं टाकलं मला आठवत नाही. चप्पल घातली नव्हती एवढं आठवतं, कारण त्या जिन्याचं लोखंड तापलेलं असतं दुपारचं, आणि ते मला रात्री कळलं, तळवे बघितले तेव्हा.

लाओलाओ म्हणजे त्यांच्यात आईची आई. नाव नाही ते. नाव मला माहीत नाही – आता बोलताना लक्षात येतंय बघा, तीन महिने माझं पोर सांभाळलं त्या बाईनं आणि मी नाव विचारलं नाही. खाली राहते ती लिन, कॉम्प्युटरवाली, तिची आई. जूनमध्ये आली. त्यांच्यातही आपल्यासारखंच असतं – सहा महिने मुलीचे आईवडील, सहा महिने सासूसासरे, पाळी लावून यायचं आणि नातवंडं बघायची. आता ही डिसेंबरपर्यंत, आणि डिसेंबरात लिनचे सासूसासरे. तुमच्याकडे तुमच्या आई आल्या होत्या ना, सावनीच्या वेळी? हो, तुम्ही दाखवले होते फोटो. माझ्या आईला मुंबईत व्हिसाला दोनदा नाही म्हटलं त्या काचेमागच्या माणसानं. दुसऱ्यांदा तर काही विचारलंसुद्धा नाही. आई आर्वीहून रात्रभर बसून गेलेली, डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन, जसं काही तिथूनच विमानात बसायचंय. माझं बाळंतपण मी आणि ह्यांनी केलं. हे एकीकडे लॅपटॉप आणि एकीकडे पाळणा.

आणि मग ही आली. पहिल्या दिवशी जिन्यात माझे पाय बघितले, मोजे नव्हते, तर रागावली! चिनीत रागावली, पण रागावणं कळतं की हो. स्वतःच्या घरातून मोजे आणले आणि तिथंच, पायरीवर बसून माझ्या पायात घातले. थंड पाणी पिऊ द्यायची नाही. बर्फ बघितला की 'आय्या' म्हणायची, अगदी आपल्या आज्यांसारखं. तिच्याकडे एक मशीन होतं हातात मावेल असं, त्यावर काडीनं अक्षर काढलं की मशीन इंग्रजीत बोलायचं – पण मला इंग्रजी सातवीपर्यंतचं, पुढची शाळा दुसऱ्या गावाला, आबा म्हणाले बस आता. तर मशीन बोलायचं, मी मान हलवायची, ती मान हलवायची, आणि दोघी हसायचो. ते मशीनही कंटाळलं असेल. वेदांतला तिनं चड्डी शिवली होती, खालून उघडी, त्यांच्यात तसलीच घालतात – आणि पायांवर घेऊन शीळ घालायची श्श् श्श् – अहो, दहाव्या महिन्यात पोराचे डायपर सुटले! मंडळातल्या कुणाचे सुटलेत? नेत्रा एवढी शिकलेली, पुस्तकं वाचते, तिची मुलगी अजून दोन वर्षांची होऊन –

हो, पळते पुढे. तर मी तीन ते साडेपाच वेदांतला खाली सोडायची आणि वर पोळ्या करायची. पैसे नाही घ्यायची हो ती. एक डॉलर नाही. मी पोळ्या द्यायची चार-पाच, ती त्यात कांद्याची पात गुंडाळून खायची. नेत्राचीही मुलगी तिथं असायची कधी कधी. लिनच्या मुलीबरोबर खेळायची पोरं. निंगनिंग – ती जुळ्यांतली एक. दुसरी अनअन, ती चीनमध्ये, आजोबांकडे. जुळ्यांना एकटीनं बघणं झालं नाही लिनला, मग एकीला पाठवलं, आठ महिन्यांची असताना. असं करतात त्यांच्यातले पुष्कळ. मला आधी फार वाईट वाटलं होतं, म्हटलं कसली आई ही, पोटचं पोर विमानात घालते. मग त्यांचा तो कॉम्प्युटर बघितला. हॉलमध्येच, टीव्हीच्या जागी. चार वाजले की लाओलाओ तो सुरू करायची, त्याच्यावर डोळा होता कॅमेऱ्याचा – इथं चार, तिथं दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सात. आणि मग तो नुसता चालू असायचा. कुणी बोलायचंसुद्धा नाही. आजोबा तिकडे पेज खातायत, अनअन मांडीवर, मधेच उठून झाडांना पाणी घालतायत, इकडे ही भाजी निवडतेय. एक घर, मधे काच. निंगनिंग जाऊन काचेला हात लावायची, तिकडून अनअन लावायची. वेदांतसुद्धा लावायचा, आपला मधेच घुसून. आजोबा त्याला टाळ्या वाजवून दाखवायचे.

त्या दिवशीही चालू होता तो. हेच सांगायचंय मला. चार वाजून गेले होते ना.

मी दार ढकललं. वेदांत खुर्चीत, गळ्याला फडकं, आणि लाओलाओच्या हातात चमचा, आणि ओट्यावर डबा. पिवळा, गाईचं चित्र, गुबगुबीत पोर, सगळी चिनी अक्षरं. दुधाच्या पावडरीचा डबा. झाकण उघडं. तिनं चमचा त्यातच घातला होता, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, हे मी तुम्हाला तेव्हाही सांगितलं आणि ते खरं आहे. तेवढं खरं आहे. मी किंचाळले. काय बोलले देव जाणे, मराठीतच बोलले असेन. वाटी उडवली हातानं, ती भिंतीला लागली. पोराला ओढलं, त्याच्या तोंडात बोट घालून जे होतं ते काढलं, तो ओरडायला लागला, निंगनिंग ओरडायला लागली, आणि डबा उचलला – पुरावा म्हणून, तसं म्हटलं होतं मी तुम्हाला, पुरावा म्हणून – आणि लाओलाओ चमचा धरून तशीच उभी. डोळे सुजलेले तिचे. तेव्हा मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, माझ्या ओरडण्यानं रडतेय. एवढ्या पटकन डोळे सुजतात का हो? दार लावताना पडद्याकडे नजर गेली. आजोबा उभे राहिले होते तिकडे. अनअनला छातीशी धरून, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आले होते, तोंड मोठं दिसत होतं, आणि काहीतरी बोलत होते, मला बोलत होते. मी दार लावलं.

अनअनच पावडर पीत होती. नंतर नेत्रानं लिनला विचारलं तेव्हा कळलं. आजोबांनी सकाळी उठल्यावर तिकडच्या बातम्या बघितल्या आणि कॉम्प्युटर लावला आणि तिला तेच सांगत होते की आता दवाखान्याच्या रांगेत जातोय. खडे निघाले पोरीच्या. बारीक होते, पाण्यानं गेले म्हणे, आता बरी आहे. म्हणजे मी दार ढकललं तेव्हा ती बाई आपल्या नातीचं ऐकून, तसंच माझ्या पोराला भरवत होती. वेळ झाली होती त्याची, म्हणून.

तुम्हाला फोन केला मी पाच वाजता. तुम्ही 'सगळ्यांना कळलं पाहिजे' म्हणालात आणि मेल केलात – नाही नाही, तुमचं चुकलं नाही, तुम्ही जे ऐकलं ते लिहिलंत. ते मंडळातून सगळीकडे गेलं. नेत्रा आली तेव्हा तिच्या तोंडी तर तीन पोरं दवाखान्यात होती. एकही नव्हतं! सोमवारी वेदांतची सोनोग्राफी झाली, स्वच्छ. लघवी स्वच्छ. डॉक्टरबाई म्हणाली डबा फेकून द्या. आणि मग बुधवारी खाली लिनच्या दारावर आपल्या अपार्टमेंटच्या ऑफिसचा कागद लागला, की इथं पाळणाघर चालतं अशी तक्रार आहे, बंद करा नाहीतर घर खाली करा. कुणीतरी सांगितलं ऑफिसात. लिन घाबरली. आई पाहुणी म्हणून आलेली, तिच्यावर धंद्याचा आळ आला तर पुन्हा व्हिसा मिळणार नाही, पुन्हा कधी येऊ देणार नाहीत. तिकीट काढलं. आजचं. अकराला गाडी येणार आहे एअरपोर्टची.

आणि निंगनिंगही जातेय. हो. तुम्हाला माहीत नव्हतं? लिनला रजा नाही, नवरा दुसऱ्या गावी प्रोजेक्टवर, पाळणाघरात नंबर लागत नाही, कोण बघणार? म्हणून दोघीही तिकडे. ज्या देशात मागच्या महिन्यात पोरं रांगेत उभी होती तिथं. लिननं परवा इथून दुधाचे डबे घेतले बॅगेत भरायला, इतके घेतले की कपड्यांना जागा राहिली नाही, म्हणून कपडे काढले. अहो, डिसेंबरपर्यंतचा तर प्रश्न होता. दोन महिने. लाओलाओ राहिली असती तर पुढे सासूसासरे येतच होते, पोर आईजवळ राहिलं असतं.

दहा कमी. ही पोळी करपली, जाऊ दे.

तो डबा. थांबा. इथं, खालच्या कपाटात, पोह्यांच्या मागे – हा. हाच. घ्या, घाबरू नका. काल मी फेकायला म्हणून काढला, झाकण उघडलं. वास घ्या. घ्या ना. कशाचा आहे? तुम्हाला नाही कळणार, तुमच्याकडे सगळं पाकिटातलं येतं – भाजल्या तांदळाचा आहे. तांदूळ धुऊन, वाळवून, कढईत भाजून, दळून केलेली पिठी. माझी आई करायची, त्यात जरा मुगाची डाळ घालायची, बस तेवढाच फरक. मी जिभेवर ठेवली. दूध नाही, पावडर नाही, काही नाही. तांदूळ. चीनचेसुद्धा नाहीत, इथलेच. लाओलाओ कढईत भाजताना मी स्वतः बघितलेत, ऑगस्टमध्ये, वर वास आला म्हणून मी खाली गेले होते विचारायला!

आता बघा, माझ्या ह्या फळीवर बघा. बोर्नव्हिटाच्या बरणीत काय आहे? हळद. बिस्किटाच्या डब्यात? सुया-दोरा. आर्वीला डालड्याच्या डब्यात तुळस होती आमची. आईनं लोणचं पाठवलं ते औषधाच्या बाटलीत. जन्म गेला माझा असल्या डब्यांत, डब्यावर जे लिहिलंय ते डब्यात कधी नसतंच हे मला सातवीच्या आधीपासून माहीत आहे, आणि त्या दिवशी मी – चित्र बघितलं आणि बस. ती मेली गाय बघितली. त्या मंगळवारी पिठी जिभेवर ठेवली आणि इथं, ह्या फरशीवर खाली बसले मी.

काय? काल म्हटलं?

– म्हटलं खरं.

मंगळवार. सोळा सप्टेंबर. सोनोग्राफीच्या दुसऱ्या दिवशी. फेकायलाच काढला होता, तेवढं खोटं नाही. कागद लागला तो बुधवारी, म्हणजे माझ्या हातात एक अख्खा दिवस होता. खाली जायचं, डबा दाखवायचा, हात जोडायचे, बस. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, आता डोकं घालू नकोस, मेल गेलाय सगळीकडे, हसं होईल, आणि लोक पोळ्या घ्यायचे थांबतील. मी झाकण लावलं आणि पोह्यांमागे ठेवला. रोज पोहे काढताना हात लागायचा. पंचवीस दिवस. पोहे करणं सोडलं मी.

आणि ऑफिसात – तुम्ही बघताय माझ्याकडे, म्हणजे तुम्हाला कळलंय. मीच. सोमवारी सकाळी, सोनोग्राफीच्या आधी. एकटी गेले. त्या मॅनेजर बाईपुढे उभी राहिले आणि जेवढं इंग्रजी होतं तेवढं टाकलं – बेबी, डाउनस्टेअर्स, चायना मिल्क, बिझनेस. बिझनेस हा शब्द मला कुणी शिकवला नव्हता, आपोआप आला. आणि बिझनेस कुणाचा चालतो इथं? तुम्ही आज कशाला आलात? ह्यांच्या व्हिसावर, म्हणजे डिपेंडंट म्हणून येऊन, कामाची परवानगी नसताना ह्या शेगडीवर पोळ्या करून विकते ती मी, आणि पोलिसासारखी तक्रार करते तीही मीच.

का? भीती होती. आई आहे मी, भीती तर होतीच, तुम्हालाही वाटली असती. पण नुसती भीती असती तर सोनोग्राफीपर्यंत थांबले असते ना. – त्या बुधवारी, शुक्रवारच्या आधीच्या, मी साडेपाचला त्याला आणायला गेले. मी हात पुढे केले, तर तो वळला आणि तिच्या खांद्याला चिकटला आणि म्हणाला, 'लाओलाओ.' स्वच्छ. दोनदा. तोवर एक शब्द नव्हता त्याच्या तोंडात. मी अकरा महिने त्याच्यापुढे आई, आई, आई म्हणून घसा कोरडा केलाय. ती हसली, तिनं त्याला माझ्याकडे वळवलं, माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी शिकवायला लागली, बहुतेक मा, मा असं, पण तो तिच्याकडेच बघत होता. मी हसले. वर आले आणि पोळ्या लाटल्या. मग शुक्रवारी तो डबा दिसला आणि उत्तराताई, पोराशपथ सांगते, भीती वाटली – आणि त्या भीतीच्या खाली कुठंतरी मला बरं वाटलं. आता तिच्याकडून काढून घेता येईल, आणि कुणी मला काही म्हणणार नाही. उलट शाबास म्हणतील. म्हणालातच तुम्ही.

त्यानं अजून आई म्हटलेलं नाही. खालून निंगनिंगचा आवाज आला की दाराशी जातो.

आज सकाळी सातला दूध घ्यायला दार उघडलं तर उंबऱ्यापाशी हा होता. हा दुसरा. इंग्रजी अक्षरं आहेत ना? हो, इथल्या दुधाचा, अमेरिकन, लिननं पावडर पिशव्यांत भरून काही डबे मोकळे केले त्यातला. मी दहा मिनिटं हात लावला नाही. मग उघडला. बघा. तिच्याच चमच्यासकट. काल रात्रीच भाजलेली असणार, अजून वास जात नाही हाताचा. आमच्या वेदांतला दोन महिने पुरेल. मी तिच्या हातातला घास काढून भिंतीवर मारला, आणि जाताना त्या बाईला हे सुचलं की माझ्या पोराची पिठी संपली असेल.

दहा झाले. ऑफिस उघडलं. मी आठलाच खाली गेले होते, लिननं दार उघडलं नाही. उघडणार कशी? आतून मशीनचा आवाज आला, ते बोलकं, लाओलाओ काहीतरी काढत होती त्याच्यावर, 'थँक यू' म्हणालं. की 'गो अवे' म्हणालं. लाकडातून ऐकू आलं नाही नीट. मी तिथून येऊन ह्या पोळ्या लाटायला बसले, कारण तुम्ही येणार हे माहीत होतं. तुमचं इंग्रजी ऐकतात ते लोक. तुम्ही सेक्रेटरी आहात, तुम्हाला वाक्यं येतात.

मॅनेजर बाईला सांगा, तक्रार खोटी होती, तिच्या कागदावर मी सही करते, मराठीत करते पण करते. तो कागद तिनं फाडला तर लिन तिकीट फिरवेल – फिरवेल की नाही मला माहीत नाही, पण गाडी यायला तासभर आहे. बिझनेस कुणाचा ते विचारलं तर माझं दार दाखवा. ह्यांचं मी बघते. आणि मेल. 'गैरसमज झाला' असं गोड नका लिहू, उत्तराताई, मला तुमचे मेल माहीत आहेत. लिहा की सुमित्रानं खोटं सांगितलं. डब्यात तांदूळ होते, तिला सोळा तारखेपासून माहीत होतं, आणि ती गप्प बसली. माझं नाव घालून. ज्यांना पहिला गेला त्या सगळ्यांना, आणि त्यांनी तो ज्यांना पुढे पाठवला त्यांनाही पाठवायला सांगा – जिथवर तो गेला तिथवर हाही गेला पाहिजे.

पोळ्या राहू द्या, एकला मी स्वतः आणून ठेवते. ऐकलंत? जिन्याखाली बॅगेची चाकं वाजतायत. लवकर आलीय गाडी.

उठा ना. जा.